अमेरिकन पणजीचा शोध : आधी माहेरचं आडनाव शोधू

नातवंडांची वंशावळ दोन्ही बाजूंनी हवी, म्हणून अमेरिकन सुनेच्या किंवा जावयाच्या घराण्यातल्या एकोणिसाव्या शतकातल्या बाईची माहिती काढायला बरेच जण आमच्याकडे येतात. अर्ज भरताना चूक होते ती बहुधा एकच, मधल्या नावाची.

आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं. तिकडे तसं काही ठरलेलं नाही. स्त्रीहक्कांसाठी लढणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टँटन यांच्या नावातलं केडी हे माहेरचं आडनाव. लेखिका लुइझा मे अल्कॉटच्या नावातलं मे हे आईच्या माहेरचं, आणि लुइझा स्वतः अविवाहित. स्त्रीहक्कांसाठीच लढणाऱ्या लूसी स्टोनने १८५५ मध्ये लग्न केलं पण आडनाव बदललंच नाही. तेव्हा मधलं नाव उचलून ‘वडिलांचं नाव’ या रकान्यात टाकू नका. रकाना कोरा राहिला तर आमचं काही अडत नाही; चुकीचा भरला तर आठवडेच्या आठवडे भलत्याच घराण्यात जातात.

नुसतं सासरचं आडनावही पुरत नाही. आनंदीबाई जोशींना आसरा देणाऱ्या, न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंचंच बघा. त्या आडनावामागे गेलात तर त्यांच्या नवऱ्याचे पूर्वज भेटतील, बाईंचे नाहीत.

तिकडच्या खानेसुमारीत १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीचे नुसते आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव येतं. गुलामांच्या याद्या वेगळ्या होत्या आणि त्यांत नाव मालकाचं. म्हणून गुलामीतून सुटलेल्या बाईचं नाव बहुधा १८७० मध्ये पहिल्यांदा दिसतं. नात्याचा रकाना मात्र १८८० चा. त्याआधीच्या पानावर जॉनखाली त्याच आडनावाची मेरी दिसली, की ती बायकोच असं धरून चालू नका. बहीण असेल, भावजय असेल, दुसरी बायकोही असेल, आणि मग थोरली मुलं तिची नसतात. १८८० च्या घरात ‘सासू’ सापडली तर निम्मं काम झालं: तिने पुन्हा लग्न केलेलं नसेल तर तिचं आडनाव तेच बायकोचं माहेरचं. १८९० ची पानं मागू नका, १९२१ च्या आगीने आणि पाण्याने ती जवळजवळ सगळी गेली.

माहेरचं आडनाव बहुतेक वेळा मुलांच्या मृत्युदाखल्यांत मिळतं. दाखले आम्ही सगळ्या भावंडांचे काढतो. खर्च वाढतो हे खरं, पण माहिती सांगणारा अनेकदा जावई असतो आणि आजेसासूचं माहेर त्याला कुठून ठाऊक असणार? नवरा यादवी युद्धात गेला असेल तर विधवा निवृत्तिवेतनाची फाइल पाहावी. लग्न सिद्ध करावं लागत असल्याने तिच्यात कधी कधी घरच्या बायबलमधली नोंदींची पानंच जोडलेली असतात.

पहिल्या टप्प्याचं शुल्क आम्ही वेगळं घेतो ते याच आडनावासाठी. ते मिळेपर्यंत पुढच्या टप्प्याचे पैसे घेत नाही.

राज्य आणि काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा) जरूर कळवा. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म-मृत्यूची राज्यभर नोंद १८४१ पासून आहे, पेनसिल्व्हेनियात थेट १९०६ पासून. कुठे शोधायचं ते त्यावर ठरतं. थडग्याचा फोटो पाठवायचा तर तिरप्या उन्हात काढा, अक्षरं उठावदार दिसतात. दगडावर खडू किंवा शेव्हिंग क्रीम लावू नका, दगड खराब होतो.