गवताच्या गंजीएवढा पैलवान

जून १९८१. लंडनच्या वेम्ब्ली अरेनात दोन अवाढव्य माणसं समोरासमोर उभी होती. एक बिग डॅडी, सोनेरी केसांचा, लहान पोरांपासून आज्यांपर्यंत सगळ्यांचा लाडका. दुसरा जायंट हेस्टॅक्स. दाढी छातीपर्यंत, केस पिंजारलेले, उंची ६ फूट ११ इंच, वजन ४० स्टोनच्या पुढे, म्हणजे अडीचशे किलोंहून जास्त. चार वर्षं ब्रिटनभर गाजलेल्या वैराचा त्या दिवशी निकाल लागायचा होता. तो तीन मिनिटांच्या आत लागला. हेस्टॅक्स रिंगबाहेर कोसळला आणि डॅडी जिंकला.

गर्दी डॅडीची होती, यात वाद नाही. पण ती जमवली हेस्टॅक्सनं, असं मला ठामपणे वाटतं. डॅडीनं हरवावा असा कुणी खराखुरा राक्षस नसता, तर डॅडीच्या जिंकण्याला किंमतच उरली नसती.

महाराष्ट्र केसरीचं मैदान पाहत वाढलेल्या वाचकाला आधी एक सांगायला हवं. आपल्याकडे 'नुरा कुस्ती', म्हणजे आधीच ठरवून खेळलेली कुस्ती, ही शिवी आहे. व्यावसायिक रेसलिंगमध्ये मात्र निकाल आधी ठरलेला असतो, आणि तो ठरलेला आहे हे विसरायला लावणं हेच पैलवानाचं कसब. दारा सिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींमुळे आपल्या आजोबांच्या पिढीला हा प्रकार 'फ्रीस्टाइल' म्हणून माहीत होता.

ब्रिटनमध्ये या धंद्याला १९४७ मध्ये लॉर्ड माउंटइव्हान्स यांच्या समितीनं नियम बांधून दिले. १९५२ मध्ये बड्या आयोजकांनी एकत्र येऊन 'जॉइंट प्रमोशन्स' उभी केली आणि देशाचे इलाखे आपसांत वाटून घेतले. १९५५ पासून आयटीव्ही या खासगी वाहिनीवर कुस्ती दिसू लागली, पुढे शनिवारी दुपारी चारची वेळ घराघरांत ठरून गेली. पडदा जॉइंटच्या हातात. बाहेरचे सगळे 'इंडिपेंडंट'. त्यांना टीव्ही नाही, म्हणून गावोगावचे नगरभवनाचे हॉल, समुद्रकाठच्या गावांतली नाट्यगृहं, आणि भिंतीवरचं पोस्टर हीच काय ती जाहिरात. पोस्टरवर अजस्र माणूस असला की निम्मं काम होई. म्हणून महाकाय पैलवानाला या फळीत कायम मागणी असे.

हेस्टॅक्सचं खरं नाव मार्टिन रुएन. तो याच फळीतून आला. १९४६ चा जन्म, लंडनच्या कँबरवेलमधला. आईवडील आयर्लंडच्या मेयो परगण्यातले. तो लहान असतानाच कुटुंब मँचेस्टरकडे गेलं. मजुरी केली, नाइटक्लबच्या दारावर उभा राहिला आणि १९६७ मध्ये रिंगमध्ये उतरला. नावही उसनं मिळालं. अमेरिकेत हेस्टॅक्स कॅल्हून नावाचा ६०१ पौंडांचा मल्ल होता. ओव्हरऑल घालायचा, गळ्यातल्या साखळीला घोड्याचा नाल लावायचा. इंग्लंडमध्ये त्याचंच नाव रुएनला चिकटवलं गेलं आणि पुढे त्याचं 'जायंट हेस्टॅक्स' झालं. हेस्टॅक म्हणजे गवताची गंजी. लांबून पाहिलं तर नाव अगदी चपखल.

१९७५ मध्ये तो जॉइंटकडे आला. कुस्त्या जुळवायचं काम तिथे मॅक्स क्रॅबट्रीकडे होतं, आणि बिग डॅडी म्हणजे त्याचाच सख्खा भाऊ शर्ली. सुरुवातीला डॅडी आणि हेस्टॅक्स एकाच बाजूचे, दोघंही खलनायक. मग लोकांना डॅडी आवडू लागला. १९७७ च्या सुमाराला जोडी फोडली, एकाला देव केलं, दुसऱ्याला दैत्य. 'ईझी! ईझी!' असा गजर डॅडीसाठी व्हायचा. हेस्टॅक्सच्या वाट्याला शिव्या. त्या काळी ब्रिटिश हॉलमध्ये पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका खलनायकाला पर्सनं, छत्रीनं बडवत, हे तिथल्या कुस्तीतलं नेहमीचं दृश्य होतं.

त्याच्या कामाकडे मी पुन्हा पुन्हा पाहतो ते एका गोष्टीसाठी. समोरचा उताणा पडलेला असतो. हेस्टॅक्स शेजारी उभा राहतो, घाई करत नाही, प्रेक्षकांकडे एकदा बघतो. मग कोपर पुढे करून अख्खं धूड खाली सोडतो. खाली त्याच्या निम्म्याहून कमी वजनाचा माणूस. वजन खरोखर त्याच्यावर गेलं तर बरगड्या मोडतील. म्हणून उतरताना ते कूस, मांडी, दुसरा हात यांवर झेलायचं आणि तरीही हॉलमधल्या शेवटच्या रांगेला वाटलं पाहिजे की आता हा उठत नाही. अडीचशे किलोंच्या शरीरानं, गुडघे रोज कुरकुरत असताना हे वर्षानुवर्षं करणं म्हणजे काय, याचा हिशेब 'हा नुसता जाडा आहे' म्हणणाऱ्यांनी कधी केला नाही. या खेळातला धोका खोटा नव्हता. ऑगस्ट १९८७ मध्ये ग्रेट यारमथला डॅडीशी खेळताना किंगकाँग कर्क नावाचा मल्ल (दारा सिंगशी लढलेला किंगकाँग वेगळा) रिंगमध्येच कोसळला आणि मरण पावला. त्याचं हृदय आधीपासून आजारी होतं, असं चौकशीत निघालं.

एव्हाना टीव्हीचंही फिरलं होतं. १९८७ पासून आयटीव्हीनं जॉइंटची मक्तेदारी मोडली आणि वेळ ब्रायन डिक्सनच्या ऑल स्टार या कुस्ती कंपनीला, तसंच डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कंपनीलाही वाटून दिली. डिसेंबर १९८८ मध्ये आयटीव्हीनं कुस्तीचं प्रक्षेपण थांबवलं. त्या पडद्यानं घडवलेला हेस्टॅक्स पुन्हा हॉल, पोस्टर, लांबचे प्रवास याच जगात उरला.

कॅनडात कॅल्गरीच्या स्टँपीड रेसलिंगमध्ये तो 'लॉक नेस मॉन्स्टर' या नावानं खेळला होता. तेच नाव छाटून १९९६ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन कुस्ती कंपनीनं त्याला 'लॉक नेस' म्हणून आणलं, हल्क होगनसमोर उभा करायला. वय पन्नाशीकडे झुकलेलं. मार्चमध्ये त्याची गाठ 'द जायंट'शी पडली, पुढे बिग शो म्हणून जगाला माहीत झालेला तोच. लढत अडीच मिनिटांच्या आसपास संपली. तब्येत साथ देत नव्हती. दुखणं लिम्फोमाचं, म्हणजे कर्करोगाचं निघालं आणि तो मायदेशी परतला.

बिग डॅडी २ डिसेंबर १९९७ ला गेला. वर्ष पुरं व्हायला तीन दिवस असताना, २९ नोव्हेंबर १९९८ ला, मँचेस्टरजवळच्या प्रेस्टविचमध्ये मार्टिन रुएन गेला. वय ५२.