ऑफशोअर प्लॅटफॉर्मची रिलायबिलिटी (वादळ आणि सरकता समुद्रतळ)

समुद्रातल्या तेल-गॅसच्या प्लॅटफॉर्मची रिलायबिलिटी म्हणजे ठरलेल्या आयुष्यात तो मोडून न पडण्याची शक्यता. "शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या लाटेसाठी डिझाइन केलंय" असं ऐकलं की वाटतं झालं, आता काळजी नाही, पण त्याचा अर्थ दरवर्षी 1 टक्का चान्स एवढाच, आणि 20 वर्षं धरली तर तेवढी किंवा मोठी लाट गाठण्याची शक्यता 18 टक्क्यांवर जाते. म्हणून जॅकेटमध्ये, म्हणजे तळापर्यंत गेलेल्या स्टीलच्या सांगाड्यात, राखीव ताकद ठेवतात आणि डेक लाटेच्या माथ्याच्या वर घेतात, कारण लाट डेकला धडकली की लोड एकदम वाढतो.

हे पाण्याचं झालं, ते बऱ्यापैकी गणितात बसतं. खरी गोची तळाची. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदीच्या मुखापुढे गाळ इतका भराभर साचतो की त्यातलं पाणी निघायला वेळच मिळत नाही, वर त्यात कुजण्यातून झालेला गॅस, त्यामुळे चिकणमाती नीट न लागलेल्या दह्यासारखी राहते आणि उतार जेमतेम 1 अंशाचा असला तरी सरकते. हरिकेनच्या लांब लाटांचा दाब शंभर मीटरच्याही खाली पोचतो, माथ्याखाली तळ दाबला जातो, खळग्याखाली मोकळा होतो, असं तासन्‌तास चाललं की माती दम सोडते आणि पाइल्सना, म्हणजे जॅकेटला तळात रोवून धरणाऱ्या खांबांना, ढकलत उताराने निघते.

1969 च्या कॅमिल हरिकेनमध्ये साउथ पास 70 या ब्लॉकमधला (तेलासाठी आखलेल्या समुद्राच्या तुकड्यातला) शेल कंपनीचा प्लॅटफॉर्म असाच आडवा झाला. 2004 मध्ये आयव्हान हरिकेनच्या वेळी मिसिसिपी कॅन्यन 20 या ब्लॉकमधला टेलर एनर्जी कंपनीचा प्लॅटफॉर्म चिखलाने उखडून दीडशेहून जास्त मीटर लांब नेला, विहिरींची तोंडं गाडली गेली, तेल गळत राहिलं आणि ते पकडायची यंत्रणा बसली थेट 2019 मध्ये!

हिशोब फसतो तो इथे: वादळाची रिस्क वेगळी, घसरणीची वेगळी, दोन्ही स्वतंत्र मानून गुणाकार केला की आकडा मस्त छोटा येतो, पण घसरण घडवतं ते वादळच ना. त्यात स्टीलची ताकद आधी तपासता येते, मातीचा नमुना मात्र वर आणतानाच दाब कमी होऊन गॅस फुगतो आणि नमुना बिघडतो, मग लॅबच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा? जाड पाइल्स खालच्या घट्ट थरापर्यंत नेणं, चिखलाच्या पट्ट्यात आडवे पाइप कमी ठेवणं हे उपाय आहेत, पण जमत असेल तर जागाच बदलावी, पाइपलाइन थोडी लांब पडली तरी चालेल.