बालवाडी : उगम आणि निवडीचे निकष

बालवाडी म्हणजे साधारणपणे तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी इयत्ता पहिलीच्या आधी चालणारे शिक्षण-संगोपन केंद्र. शिशुविहार, बालक मंदिर, बालवाटिका, नर्सरी, छोटा शिशू-मोठा शिशू ही त्याची प्रचलित नावे. अंगणवाडी हा त्याचाच शासकीय प्रकार. पाळणाघराचा हेतू आणि वयोगट वेगळा असल्याने त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रबेलचे बालोद्यान (1837 नंतर) आणि मारिया माँटेसरींचे रोममधील बालगृह (1907) हे या कल्पनेचे युरोपीय पूर्वज होत. माँटेसरी 1939 मध्ये मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या आणि त्यांच्या प्रशिक्षणवर्गांतून ही पद्धत भारतभर पसरली, असे अनेकदा लिहिले जाते. मराठी प्रदेशापुरता मात्र गुजरातमधील भावनगरचा मार्ग अधिक जुना दिसतो. गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी तेथे 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि 1936 च्या सुमारास दादरला शिशुविहार उभे राहिले. हे सारे अड्यारच्या आधीचे आहे.

‘अंगणवाडी’ या शब्दाच्या जन्माविषयीही दोन मते आहेत. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली. हा शब्द या योजनेनेच रूढ केला, असे एक मत. दुसऱ्या मताने तो डहाणूजवळच्या बोर्डी गावाचा आहे. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी 1945 पासून तेथे बालवाडीचे दोन प्रकार चालवले. एक, ठरलेल्या वेळी एका जागी भरणारी मध्यवर्ती बालवाडी. दुसरी, मुले येत नाहीत म्हणून थेट त्यांच्या वस्तीत, घरापुढच्या अंगणात भरवलेली. योजनेने शब्दाचा प्रसार केला, पण मूळ कल्पना बोर्डीची, असे मानणे सयुक्तिक ठरते. महागड्या आयात साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे वापरण्याची रीतही तेथलीच. पुढे 1956-57 च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा तेथेच निघाली.

निवड करताना या इतिहासातला एक धागा हाती धरावा : मूल केंद्रात दिवसभर हाताने काय करते आणि त्याच्याशी कोण बोलते. इमारत, गणवेश आणि जाहिरात यांना दुय्यम स्थान द्यावे. 2013 च्या राष्ट्रीय प्रारंभिक बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरणातील किमान निकष असे : तीन ते सहा वयोगटात वीस मुलांमागे एक प्रौढ, तीनच्या आत दहांमागे एक, तीस मुलांसाठी किमान 35 चौरस मीटरची खोली आणि शक्यतो बाहेर 30 चौरस मीटर जागा, कार्यक्रम तीन ते चार तासांचा. प्रमाण विचारताना मदतनीस मोजली आहे का, आणि ती स्वयंपाकात किंवा स्वच्छतेत असताना वर्गात कोण असते, हेही विचारावे. कागदावरचे प्रमाण तेथेच ढासळते.

पाहणी समारंभाच्या दिवशी करू नये. नेहमीच्या दिवशी, पालक पोचवायला येतात त्या वेळेपासून पाऊण तास तरी बसावे. रडणाऱ्या मुलाला कोणी उचलून घेते की ‘गप्प बस’ ऐकू येते? खेळणी मुलांच्या हाती पोचतील अशा खालच्या फळीवर आहेत की कपाटात कुलूपबंद? साहित्य हरवेल, मोडेल आणि हिशेब द्यावा लागेल या भीतीने ते बंद राहते. हा दोष सरकारी आणि खासगी दोन्हीकडे आढळतो. शौचालय वर्गापासून किती पावलांवर आहे आणि तेथे एकटे मूल जाते का, हेही पाहावे. फाटकाला आतून कडी असावी आणि मूल न्यायला कोण येणार याची नोंद असावी. खाऊत अख्खे शेंगदाणे, चणे किंवा द्राक्षे असतील तर तसे सांगून थांबवावे, कारण या वयात ते घशात अडकतात.

सर्वांत मोठी गल्लत लेखनाविषयी होते. साडेतीन वर्षांच्या मुलाला चौकटीच्या वहीत अक्षरे गिरवायला लावणारी बालवाडी पालकांना ‘चांगला अभ्यास घेणारी’ वाटते. या वयात मूल खडू मुठीत धरते आणि जोर खांद्यातून लावते. बोटांच्या टोकांवर पेन्सिल तोलणे बहुधा चार ते सहा या काळात जमू लागते. त्याआधी माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे, उभ्याने मोठ्या कागदावर कुंचला फिरवणे, नंतर कात्री, असा क्रम हवा. तो टाळला की पकड चुकीची बसते आणि पहिलीत मूल लिहायला कंटाळते. भाषेचेही तसेच. घरी मराठी असलेल्या मुलाला दिवसभर फक्त इंग्रजी सूचना मिळाल्या तर ते मान डोलवते, पण बोलणे थांबवते. शांत वर्गाचे कौतुक करण्याआधी हे पाहावे.

अंगणवाडी मोफत आणि घराजवळ असते. तीन ते सहा वयोगटाला वर्षातून 300 दिवस पूरक आहार द्यायचा असतो. शिवाय वजन-उंचीची नोंद होते. तिची अडचण वेळेची. आहारवाटप, लसीकरणाला साहाय्य आणि नोंदी एकाच सेविकेकडे असल्याने शिकण्याचा भाग आक्रसतो. म्हणून ‘गाणी-गोष्टी रोज किती वाजता?’ हा प्रश्न विचारावा. सेविकेने नेमकी वेळ सांगितली आणि त्या वेळी मुले गोल बसलेली दिसली, तर ती अंगणवाडी निःशंकपणे निवडावी.

प्रवेशानंतर रुळायला दोन-तीन आठवडे द्यावेत. पहिले दोन दिवस पालकासह तासभर, मग अर्धा वेळ, मग पूर्ण. निघताना ‘जाते, जेवणानंतर येते’ असे सांगून निघावे. नजर चुकवून निघाल्यास मूल दुसऱ्या दिवशी दारातच घट्ट बिलगते. महिनाभरानंतरही झोप, खाणे किंवा शौचाची सवय बिघडलेलीच राहिली, तर वेळ कमी करून पाहावी आणि ताईंशी बोलावे.

पाळणाघरासाठी मुलांमागे प्रौढांचे वरील प्रमाण अधिक काटेकोरपणे पाहावे. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली.