सायलेन्सर कापून गाडी पळत नाही रे बाबांनो

परवा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, गेलो होतो. आमच्या कुडाळ-मालवण पट्ट्यात पाऊस ओसरला की पोरं जांभ्याच्या सड्यांवर डर्ट बाईक फिरवतात. डर्ट बाईक म्हणजे काय, तर नव्वदीतली आरएक्स १००, मडगार्ड काढलेली, मागे खाचांचा टायर. त्यातल्या एकाने नवीन मोठं बोअर किट, म्हणजे जास्त रुंद सिलिंडर नि पिस्टन, बसवलेलं आणि वर सायलेन्सर मधूनच कापलेला, इंजिनचा श्वास मोकळा व्हावा म्हणे. आवाज असा की खालच्या काजूच्या बागेतले माकड पसार, आणि गाडी मात्र चढावर दुसऱ्या गिअरात धापा टाकतेय. आमचे मेकॅनिक काका, ज्यांनी आयुष्यभर टू-स्ट्रोकच उघडली, ते एवढंच म्हणाले, "झिला, ब्लॉक मोठो केलंस, पण दार उघडा ठेवलंस."

हे दार म्हणजे काय ते सांगायचंय, कारण आवाज म्हणजे पॉवर हा गैरसमज कोकणात आंब्याएवढाच पिकतो.

शाळेतलं आठवा. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एक स्फोट, टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला. मग तेवढ्याच सीसीत पॉवर सरळ दुप्पट का नाही मिळत? कारण टू-स्ट्रोकमध्ये कॅमने उघडणारे व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरच्या भिंतीला नुसती भोकं, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि पिस्टनच वरखाली होताना ती उघडतो नि झाकतो. पिस्टन खाली येताना आधी धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट उघडतो, मग ट्रान्सफर पोर्ट, त्यातून खालच्या क्रँककेसमधलं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घुसतं. वर जाताना बरोबर उलटं, आधी ट्रान्सफर बंद, शेवटी एक्झॉस्ट. म्हणजे माल आत येऊन झाला, मागचं दार लागलं, आणि पुढचं अजून सताड उघडं. पिस्टन वर येतोय तो तोच माल पुढच्या दाराने बाहेर ढकलतोय.

आता बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. लेथवर नेऊन १ मिमी ओव्हरसाईज पिस्टन टाकला की गाडी 'पावरबाज' झाली असं मानणारे खूप. आरएक्स १०० चं बोअर ५० मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरखालीचा पल्ला, पण ५०, हिशोब केला की ९८ सीसी. बोअर ५१ केलं तर १०२. चार सीसी वाढले, बस. खरं बिग बोअर म्हणजे ५८ मिमी, आरएक्स १३५ चं आहे तेवढं, स्ट्रोक तोच, १३२ सीसी. बाहेरच्या देशात यामाहाच्या वायझेड १२५ वर पण हाच खेळ करतात, ५४ चं बोअर ५८ करून १४४ सीसी.

पण गंमत बघा. बोअर १६ टक्के वाढलं तर सीसी ३५ टक्के वाढतात, कारण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. पोर्ट मात्र सिलिंडरच्या परिघावर असतात, ते फारतर १६ टक्केच रुंद होणार. एक्झॉस्ट पोर्ट बोअरच्या साधारण दोन तृतीयांशापेक्षा रुंद केलं तर पिस्टनची रिंग त्यात फुगून अडकायची भीती. म्हणजे घर मोठं झालं, दार त्या मानाने लहानच, दर सीसीमागे जवळपास १४ टक्के कमी दार. मग इंजिन खालच्या आरपीएमला छान ओढतं आणि वर गेलं की गुदमरतं. कंपनीचेच आकडे घ्या, ९८ सीसीवर ११ हॉर्सपॉवर, १३२ वर चार गिअरवालीला १२ आणि पाच गिअरवालीला १४. ३५ टक्के कुठेच नाही. (धुराचे नियम, मायलेज ही कारणंही आहेत त्यात, सगळा दोष भूमितीचा नाही.)

आता माझा लाडका भाग, पाईप, म्हणजे तोच सायलेन्सर. स्फोटानंतर एक्झॉस्ट उघडला की दाबाची एक लाट पाईपात सुटते. लाट आणि धूर या दोन वेगळ्या गोष्टी. खाडीत नारळ पडला तर तो जागच्या जागी वरखाली होतो आणि लाट त्याच्याखालून निघून जाते, तसंच. धूर आपल्या गतीने सरकतो, लाट जाते आवाजाच्या वेगाने, आणि ३५० अंशाच्या गरम वायूत हा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास असतो, बाहेरच्या हवेत ३४० असतो. आता पाईप हळूहळू रुंद होत गेला, कर्ण्यासारखा, तर लाटेचा काही भाग उलटा होऊन परत येतो, दाबाऐवजी ओढ बनून. ही ओढ सिलिंडरमधला जळका धूर उपसते, वर थोडा ताजा माल पण पाईपात खेचते. पुढे पाईप परत निमुळता केला की उरलेली लाट तिथे आपटून दाब म्हणूनच मागे फिरते आणि बाहेर आलेला ताजा माल पुन्हा आत कोंबते. चतुर्थीच्या गर्दीत एसटीच्या दारात लोंबकळणाऱ्याला मागून कुणी ढकलावं आणि तेवढ्यात दार लागावं, अगदी तसं. ना पंखा, ना पट्टा, नुसता पत्रा, आणि काम इंजिनात हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरचं.

सगळा खेळ वेळेचा. ७५०० आरपीएमला एक फेरी ८ मिलिसेकंदांची. समजा फेरीच्या ३६० अंशांपैकी एक्झॉस्ट १७० अंश उघडा आहे आणि ट्रान्सफर १२०, तर ट्रान्सफर लागल्यावर एक्झॉस्ट अजून २५ अंश उघडा, म्हणजे फक्त अर्धा मिलिसेकंद. परतीची लाट तेवढ्यातच दारात हवी. १७० अंशांना पावणेचार मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात लाट १.८९ मीटर जाते, जाऊन येऊन, म्हणून पिस्टनपासून निमुळत्या टोकापर्यंत अंतर हवं ९४ सेंटीमीटर. ६५०० ला ओढ हवी असेल तर १०९. या हिशोबात बोअर कुठे आलं का? नाही आलं. पोर्ट किती अंश उघडं आणि आरपीएम किती, एवढंच. म्हणून मोठ्या बोअरचं इंजिन खालच्या आरपीएमला ओढायला लागलं की पाईप लांब करावा लागतो, आणि पोरगा काय करतो, कापतो! कापलेल्या पाईपात लाट परतते ती उलटी, ओढ बनून, आणि भलत्याच वेळी. माल गेला धुरासोबत सड्यावर.

हे कागदावर नीट बसवलं पूर्व जर्मनीच्या वॉल्टर काडेनने, एमझेड कंपनीत. १९६१ ला त्याच्या १२५ सीसी रेसिंग इंजिनाने २५ हॉर्सपॉवर काढली, लिटरमागे २००. त्याच वर्षी त्याचा रायडर अर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या रेसनंतर पूर्व जर्मनी सोडून पळाला, डोक्यातलं सगळं घेऊन सुझुकीकडे गेला आणि १९६२ चं ५० सीसीचं विश्वविजेतेपद सुझुकीला मिळालं. लिंबू-मिरची बांधून नव्हे, आणि टाकीत डांबरगोळ्या टाकून पण नव्हे, हे आमच्याकडच्या काही थोर ट्यूनरांसाठी.

बाकीचं पटकन. बोअर वाढलं आणि हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, तेच ठेवलं तर कॉम्प्रेशन आपोआप चढतं, मग माल आपसूक भडकतो, आणि पिस्टनचा माथा मुंग्यांनी खाल्ल्यासारखा होतो. पिस्टन नि हेडमधली फट मोजायला काका प्लगच्या भोकातून सोल्डरची तार भिंतीपर्यंत सारतात, हाताने किक फिरवतात, चपटं झालेलं टोक व्हर्नियरने मोजतात. एक मिमीच्या आसपास आलं की मान डोलावतात. आणि हो, रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन असं बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, सड्यावरच काय ते करा.

शेवटी काकांनी भंगारातला एक अखंड सायलेन्सर आणला, कंपनीचाच, त्याच्या पोटात पण असेच शंकू असतात. बसवला, पोरगा तोच चढ दुसऱ्यात सुसाट चढून गेला आणि हसत खाली आला. काकांनी प्लग काढून बघितला, पांढराफटक, म्हणजे कार्ब्युरेटरच्या मेन जेटमधून, पेट्रोल सोडणाऱ्या भोकातून, पेट्रोल कमी पडतंय. चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"मेन जेट मोठो हाडल्याशिवाय किक मारू नको. पिस्टन धरतलो."