ताकायामा जिन्या: किल्ला गेला, कचेरी राहिली

शोगुनशाही, म्हणजे शोगुन या लष्करी सत्ताधीशाची राजवट, संपत आली तेव्हा जपानभर ६० हून अधिक जिन्या होत्या. मूळ कचेरीसकट आज उभी असलेली एकच, गिफू प्रांतातल्या डोंगरी ताकायामा शहरातली. जिन्या म्हणजे शोगुनच्या खालसा मुलखाचा कारभार जिथून चाले ती जागा. कचेरी, अधिकाऱ्याचं राहतं घर आणि धान्याचं कोठार, सगळं एकाच आवारात. आपली जुनी मामलेदार कचेरी डोळ्यांसमोर आणली तरी चालेल, फक्त इथला मामलेदार थेट शोगुनच्या एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, आलेला असे.

हा मुलूख खालसा झाला त्याला कारण होतं जंगल. ताकायामा ज्या जुन्या हिदा प्रांतात येई तो तांदळाच्या बाबतीत गरीब. इतका, की प्राचीन काळी तिथल्या लोकांना काही कर माफ होते आणि त्याबदली गावांनी राजधानीत सुतार पाठवायचे असत. १५८५ मध्ये तेव्हाचा जपानचा सर्वांत बलाढ्य सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून कानामोरी नागाचिका या सरदाराने हा प्रांत जिंकला, टेकडीवर किल्ला आणि पायथ्याशी पेठा वसवल्या. त्याच्या घराण्याने सहा पिढ्या, १०७ वर्षं राज्य केलं. १६९२ मध्ये शोगुनने सहाव्या कानामोरीला दूर उत्तरेतल्या देवा प्रांतात हलवलं आणि हिदा थेट स्वतःच्या ताब्यात घेतलं. इमारती लाकूड आणि चांदी-तांब्याच्या खाणी, यांवर एदोची नजर होती, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पुढे १६९५ मध्ये किल्ला पाडला गेला. पण किल्ल्यातलं तांदळाचं कोठार मात्र सोडवून खाली आणलं आणि जिन्याच्या आवारात पुन्हा उभं केलं. नव्या मालकाला या मुलखातून काय हवं होतं, ते यावरून उघड दिसतं. १६०० च्या सुमाराचं हे कोठार आजही तिथे आहे. लाकडी फळ्यांचं छप्पर, आणि फळ्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड.

कचेरीचा मुख्य भाग मात्र १८१६ च्या पुनर्बांधणीचा. आत फिरताना पायांखालच्या ताटामी चटयांकडे लक्ष ठेवावं. वरिष्ठांच्या दालनात चटईला नक्षीची किनार, कनिष्ठांच्या खोलीत किनारच नाही. कोण कुठे बसायचं हे जमीनच सांगे. दर्शनी दालनाच्या भिंतीवर निळ्या लाटांची नक्षी, आणि खिळ्यांची डोकी झाकायला सशाच्या आकाराची झाकणं. ससे पाहून पर्यटक हरखतात. त्याच इमारतीत चौकशीचं दालनही आहे. तिथे धारदार कडांच्या लाकडांवर आरोपीला गुडघे टेकून बसवत आणि मांडीवर दगडी लाद्या ठेवत. ससे आणि लाद्या एकाच कारभारातल्या, हे विसरून चालणार नाही.

या कारभाराची सर्वांत काळी पानं म्हणजे ओहारा दंगली. १७७१ ते १७८८ अशा, तीन टप्प्यांत झालेल्या. दाइकान, म्हणजे इथला अधिकारी, ओहारा हिकोशिरो याने १७७३ मध्ये जमिनीची फेरमोजणी काढली. हिदाचं अपेक्षित उत्पन्न सुमारे ४४ हजार कोकुवरून ५५ हजारांवर गेलं (एक कोकु म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ). शेतकरी मिनाशी देवस्थानात जमले. शेजारच्या गुजो संस्थानाची फौज आली आणि तिने गोळ्या झाडल्या. म्होरक्यांना फाशी-सुळी झाली, साथ दिलेल्या पुजाऱ्यांनाही सोडलं नाही. होंगो गावचा झेनकुरो अवघा १८ वर्षांचा होता. मरणाआधी त्याने बायकोला लिहिलेलं पत्र हिदात आजही आठवलं जातं.

आणि ओहारा? त्याला बढती मिळाली. १७७७ मध्ये तो गुनदाइ झाला, दाइकानाहून वरचं पद. त्यानंतर मुलगा कामेगोरो गादीवर आला, त्यानेही तसाच छळ मांडला. शेवटी गावकऱ्यांनी एदोत शोगुनचा मुख्य मंत्री मात्सुदायरा सादानोबु याची पालखी रस्त्यात अडवून अर्ज दिला. अशा अर्जाला शिक्षा ठरलेली, तरी या वेळी चौकशी झाली आणि १७८९ मध्ये कामेगोरोला हाचिजो बेटावर हद्दपार केलं. जाता जाता एक नोंद: हिदातून हलवलेलं कानामोरी घराणंही पुढे गुजोतच आलं होतं, आणि करवाढीविरुद्ध पेटलेल्या शेतकऱ्यांमुळेच १७५८ मध्ये त्यांचं संस्थान गेलं.

१८६८ मध्ये शोगुन गेला, मेइजी सरकार आलं. जिन्याला कुलूप लागेल असं वाटावं, पण तसं झालं नाही. नव्या प्रशासनाने तिथेच बस्तान बसवलं. १८६९ मध्ये नव्या राज्यपालाने, उमेमुरा हायामीने, डोंगरी लोकांना स्वस्तात मिळणारा तांदूळ बंद केला आणि त्याच्याविरुद्धही दंगल झाली. म्हणजे कचेरी तीच, भांडण तेच. नंतर प्रांतांच्या सीमा बदलल्या, पाट्या बदलल्या, कारकून मात्र १९६९ पर्यंत त्याच इमारतीत काम करत राहिले. माझ्या मते जिन्या टिकली ती याच वापरामुळे. १९२९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ जाहीर झाल्यावरही चाळीस वर्षं तिथे टेबलं-फायली होत्या.

मग गिफू प्रशासनाने १९९६ पर्यंत टप्प्याटप्प्याने डागडुजी केली. नंतर घातलेले आडपडदे काढले, पाडलेले भाग जुन्या नकाशांबरहुकूम पुन्हा बांधले. आज चपला पिशवीत घालून हातात घ्यायच्या आणि चटयांवरून चालत फिरायचं. शेवटी पोचतो त्या कोठारात आता तांदळाऐवजी जिन्याच्या काळातले कागदपत्र मांडलेले आहेत.