फूल झाकण्याच्या विद्येला आलेले घारे वळण

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एखाद्या चष्म्याच्या दुकानात, रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स बोटाच्या टोकावर धरून आरशात पाहणारा तरुण किंवा तरुणी ‘हाच रंग कायमचा करता येतो का?’ असे सहज विचारून जाते. करता येतो, पण ज्या विद्येच्या जोरावर तो करतात, ती मुळात बिघडलेल्या डोळ्यांसाठी जन्मली, हे आधी ठाऊक असावे.

दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन डोळ्यात पडलेले फूल, म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग, लपविण्यासाठी तापविलेल्या सळईने कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, डागी आणि त्यावर मायफळाची पूड व लोह, किंवा डाळिंबाच्या सालीची पूड व तांब्याचा क्षार लावी. सांगोल्याचे डाळिंब खाणाऱ्या आणि सूत रंगवण्यात पिढ्या घालवलेल्या सोलापूरकराला यातली मेख चटकन उमगेल, कारण तुरट साल आणि धातूचा क्षार एकत्र आले की रंग पक्का धरतो, हे रंगाऱ्याचेच ज्ञान आहे. पुढे 1870च्या सुमारास पॅरिसमध्ये नेत्रतज्ज्ञ लुई द वेकर यांनी सुई आणि काळी शाई वापरून हेच काम केले. हेतू मात्र तोच राहिला: गेलेल्या दृष्टीचा डाग लोकांच्या नजरेतून झाकणे.

निरोगी डोळ्याकडे ही विद्या वळली ती एकविसाव्या शतकात. पनामात सुरू झालेल्या पद्धतीत सिलिकॉनची रंगीत चकती घडी करून नैसर्गिक आयरिसच्या, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या, पुढे बसवीत. तिथे जागा फार अरुंद असते. चकती घासते, डोळ्यातील पाण्याचा निचरा अडतो, काचबिंदू होतो आणि कॉर्नियाच्या आतल्या थरातील, माणसात पुन्हा न वाढणाऱ्या पेशी मरतात. अनेकांच्या चकत्या काढाव्या लागल्या आणि काहींना नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवावा लागला, म्हणजे ज्यांना खरोखर फूल पडले आहे त्यांच्याच रांगेत ते येऊन उभे राहिले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये कृत्रिम आयरिसला मान्यता दिली, तीही जन्मतः आयरिस नसलेल्या किंवा इजेसारख्या कारणांनी आयरिस बिघडलेल्या डोळ्यांपुरती.

लेसरची कल्पना 2011 मध्ये कॅलिफोर्नियातून गाजली. निळ्या डोळ्यात निळे द्रव्य नसतेच. मेलॅनिन हे तपकिरी रंगद्रव्य कमी असल्याने प्रकाश विखुरतो आणि निळा भास होतो. म्हणून तपकिरी थर जाळला की खालची छटा दिसते. मात्र सुटलेले कण निचऱ्याच्या जाळीत अडकण्याचा धोका राहतो आणि गेलेला रंग परत आणता येत नाही.

सध्या बोलबाला आहे तो फेम्टोसेकंद लेसरने, म्हणजे अतिसूक्ष्म काळाचे झोत सोडणाऱ्या लेसरने, कॉर्नियात वर्तुळाकार बोगदा कोरून त्यात रंग भरण्याचा. वेकर यांच्या सुईचाच हा वारसा म्हणायचा. प्रकाश सहन न होणे, जंतुसंसर्ग, रंग फिकटणे किंवा पसरणे हे त्याचे धोके असून, जानेवारी 2024 मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने चकती आणि रंगभरणी या दोहोंविरुद्ध इशारा दिला. शस्त्रक्रियेआधी डोळ्याचा दाब आणि कॉर्नियाच्या पेशींची संख्या मोजून घ्यावी, आणि साठीत मोतीबिंदू काढण्याची वेळ आली तर या रंगीत कड्यामधून सर्जनला आतले कितपत दिसेल, हेही तेव्हाच विचारावे.