एक इंजिन, दोन वाटा: टूरिंग आणि ॲडव्हेंचर बाइक वेगळ्या कशा झाल्या

बजाजने २०१६च्या डिसेंबरात डॉमिनार ४०० ही टूरिंग बाइक आणली, म्हणजे चांगल्या रस्त्यावर लांब फिरायची गाडी. २०२०च्या जानेवारीत ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीची ३९० ॲडव्हेंचर भारतात विक्रीला आली, खडबडीत वाटेवरही चालणारी. दोन्ही चाकणला बनलेल्या, दोघींचं इंजिन ३७३ सीसीचं आणि एकाच घराण्यातलं. तरी डॉमिनारचं पोट जमिनीपासून १५७ मिलिमीटरवर आणि केटीएमचं २०० मिलिमीटरवर. डॉमिनारची सीट ८०० मिलिमीटर उंच, केटीएमची ८५५. डॉमिनारची दोन्ही चाकं १७ इंची, केटीएमचं पुढचं १९ इंची. ‘लांब फिरायला यातली कोणती घेऊ?’ असं कुणी विचारलं की आपण ताकद, मायलेज आणि किंमत यांवर बोलत बसतो. खरं तर हे आकडे दोन वेगळ्या रस्त्यांनी घडवले आहेत, आणि ते दोन्ही रस्ते आपल्याकडचे नाहीत.

पहिला रस्ता अमेरिकेतला. तिथे १९५६च्या कायद्याने इंटरस्टेट महामार्गांचं जाळं विणायला सुरुवात झाली. सरळ, रुंद, शेकडो मैल चालणारे रस्ते. अशा रस्त्यावर दिवसभर गाडी हाकणाऱ्याला छळतो तो वारा, आणि संध्याकाळपर्यंत भरून आलेली पाठ. होंडाने १९७४ साली दाखवलेली गोल्डविंग या गरजेसाठी जणू बेतलेलीच होती. ९९९ सीसी, चार सिलिंडर आडवे, पाण्याने थंड होणारं इंजिन आणि चेनच्या जागी मागचं चाक फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, त्यामुळे रोज चेनला तेल देण्याचं काम संपलं. टाकीच्या जागी दिसते ती टाकी नव्हेच. पेट्रोल सीटखाली ठेवलं होतं, वजन खाली राहावं म्हणून.

मात्र या गाडीला वारा अडवणारं कवच नव्हतं आणि सामानाच्या पेट्याही नव्हत्या. ते मालकांनी स्वतः बसवून घेतलं. क्रेग व्हेटर नावाच्या अमेरिकन डिझायनरचं ‘विंडजॅमर’ कवच सत्तरच्या दशकात लोकांनी मोठ्या हौसेने लावलं. गिऱ्हाईक काय करतंय ते होंडाने पाहिलं, आणि १९८० साली कारखान्यातूनच कवच व पेट्या लावलेली ११०० सीसीची गोल्डविंग काढली. तिचं नावच ‘इंटरस्टेट’. पुढे १९८८च्या गोल्डविंगला सहा सिलिंडर आले आणि वजन साडेतीनशे किलोंच्या पुढे गेलं, इतकं की गाडी मागे घ्यायला रिव्हर्सची सोय द्यावी लागली. टूरिंग बाइकचं सगळं शहाणपण आणि तिची सगळी मर्यादा या एका गाडीत दिसते. रस्ता चांगलाच असणार, हे तिने गृहीत धरलेलं आहे.

दुसरा रस्ता सहाराचा, म्हणजे खरं तर रस्ताच नाही. तिएरी साबीन हा फ्रेंच माणूस १९७७ साली एका रॅलीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला. जिवंत परत आल्यावर त्याने पॅरिसहून आफ्रिकेतल्या सेनेगलच्या राजधानीला, डकारला, जाणारी शर्यत काढली. ती २६ डिसेंबर १९७८ला सुटली. पहिली शर्यत सिरिल नव्हू याने जिंकली, यामाहाच्या एक्सटी ५००वर. हलकी, एका सिलिंडरची गाडी. वाळूत हलकंच चालणार, असा समज त्यामुळे पक्का झाला.

त्या समजाला धक्का दिला बीएमडब्ल्यूने. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कंपनीचा मोटरसायकल विभाग अडचणीत होता. हाताशी असलेलं आडव्या दोन सिलिंडरचं इंजिन घेऊन त्यांनी अवघ्या २१ महिन्यांत नवी गाडी उभी केली: १९८०ची आर ८० जी/एस. जर्मनमध्ये जी म्हणजे गेलेंडं, मोकळं रान. एस म्हणजे श्ट्रासं, रस्ता. दोन्हींसाठी एकच गाडी असू शकते, हा दावा नावातच होता. ८०० सीसीची गाडी रानात कशी चालेल, याचं उत्तर १९८१ साली ह्युबर्ट ओरिओलने डकार जिंकून दिलं. १९८३ला पुन्हा तोच जिंकला, आणि १९८४ व १९८५ला गॅस्टन राहिए. हा राहिए उंचीने लहान होता, त्या उंच गाडीवर त्याचे पाय जमिनीला नीट पोचत नसत. सीटच्या उंचीला घाबरणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना मी त्याचं उदाहरण देतो. पण तो मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीच्या खडबडीत ट्रॅकवरच्या शर्यतींचा, विश्वविजेता स्वार होता, आणि त्याच्या मागे कुणी बसलेलं नव्हतं, हेही लगेच सांगतो.

पुढचं मोठं चाक दगडावर कमी कोनात आदळतं म्हणून सहज चढून जातं. लांब सस्पेंशन खड्डा गिळतं. उंच पोट दगडाला घासत नाही. ॲडव्हेंचर गाडीतली ही प्रत्येक गोष्ट खडबडीत जमिनीने शिकवलेली आहे, आणि प्रत्येकीची किंमत उंचीत मोजावी लागते.

आपल्याकडे ही फाळणी फार उशिरा आली. सरहद्दीवरच्या गस्तीसाठी सरकारने मागवलेली ३५० सीसीची बुलेट १९५५पासून मद्रासला जुळू लागली, आणि पुढची कित्येक दशकं तीच आपली टूरिंग बाइक, तीच ॲडव्हेंचर. लडाख १९७४ला पर्यटकांसाठी खुलं झालं, तिथेही माणसं बुलेटवर गेली. गाडी निवडायचा प्रश्नच नव्हता. सोबत प्लग, केबल, पाने घ्यायचे आणि निघायचं. रॉयल एनफिल्डने २०१६ला ४११ सीसीची हिमालयन आणली तेव्हा चित्र बदललं. पुढे २१ इंची चाक, पोटाखाली २२० मिलिमीटर जागा, आणि सीट मात्र ८०० मिलिमीटरवर. भारतीय उंचीचा विचार करून काढलेली ही गाडी मला फार महत्त्वाची वाटते. तिची ताकद साडेचोवीस हॉर्सपॉवर, म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. ती तक्रार महामार्गावर खरी होती, हिमाचलातल्या स्पितीच्या वाटेवर नव्हती.

महाराष्ट्रात या निवडीला आणखी एक पदर आहे. टूरिंग बाइक ज्या प्रकारच्या रस्त्यासाठी जन्मली, तसे आपले दोन रस्ते म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी. दोन्हींवर दुचाकीला बंदी आहे. दुचाकीवाल्याच्या वाट्याला जुना खंडाळा घाट येतो, वरंधा येतो, ताम्हिणी येतो, आणि जुलैतला मुंबई-गोवा महामार्ग येतो. म्हणून मोठ्या टूरिंग बाइकचा निम्मा फायदा इथे वापरताच येत नाही, असं माझं मत आहे. कोल्हापूर-बेळगावकडे किंवा सोलापूरकडे वरचेवर, डबलसीट जाणाऱ्यांना मात्र मी आजही बुटकी, आरामशीर सीटची गाडीच सुचवतो. कोकणात पावसाळ्यात जाणाऱ्यांना लांब सस्पेंशन.

सुचवताना एक प्रसंग हटकून आठवतो. आंबोलीच्या चढावर, भर पावसात, मागे बायको आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा घेऊन एसटीला वाट द्यायला थांबलो होतो. उंच गाडी, एकच पाय टेकत होता, आणि टेकला तिथे शेवाळ होतं. आम्ही दोघं हळूच आडवे झालो, लागलं नाही. तेव्हापासून कुणी विचारलं तर सांगतो: शोरूमच्या सपाट फरशीवर एकट्याने बसून पाहू नका. घरचं माणूस मागे बसवा, दोन पिशव्या अडकवा, थोड्या उतारावर गाडी उभी करा, आणि मग कोणता पाय कुठे पोचतो ते बघा.